गुटगुटीत मुलाचं लोखंड जातं कुठे?

मराठीत जाड मुलाला तोंडावर जाड म्हणायची रीत नाही. तो गुटगुटीत असतो, बाळसेदार असतो, खात्यापित्या घरचा असतो. ‘अंग धरलंय हो’ हे कौतुक आणि ‘किती वाळलाय बघ’ ही तक्रार. दुष्काळ आणि साथी पाहिलेल्या माणसांची ही भाषा आहे. अंगावरचे चार किलो जास्तीचे म्हणजे पुढच्या दुखण्यासाठी टाकलेली शिल्लक, असा तिचा हिशेब. त्यामुळे अकरा वर्षांच्या, पंचावन्न किलोच्या मुलाचा रिपोर्ट हातात धरून डॉक्टर जेव्हा म्हणतात, ‘रक्तात लोह कमी आहे,’ तेव्हा आईला ते लागतं. ‘अहो डॉक्टर, आमच्याकडे खाण्यापिण्याची काय कमी आहे?’

आई खरं बोलते आहे. रिपोर्टही खरं बोलतो आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे कोडं सुटायला वैद्यकाला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

१९६२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम दोन पानांचं एक टिपण आलं. वेन्झेल, स्टल्ट्स आणि मेयर हे लेखक. त्यातले झाँ मेयर म्हणजे हार्वर्डचे नावाजलेले आहारशास्त्रज्ञ. लठ्ठ किशोरवयीन मुलांच्या रक्तात त्यांच्या सडपातळ सवंगड्यांपेक्षा लोह कमी आहे, एवढंच त्यांनी नोंदवलं होतं. कारणं लगेच सुचली. ही मुलं अरबटचरबट खात असतील. किंवा देह मोठा, म्हणून रक्त जास्त, म्हणून लोहाची गरजही जास्त. दोन्हींत तथ्य आहे, पण त्यांनी हिशेब पुरता जुळत नव्हता. पुढे २००९मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास झाला. त्यात लठ्ठ आणि सडपातळ मुलांच्या ताटातलं लोह सारखंच निघालं, तरी लठ्ठ मुलांच्या अंगात ते कमीच भरलं.

मग ते जातं कुठे? उत्तर ऐकल्यावर आधी विश्वास बसत नाही. ते कुठेच जात नाही, दाराशी अडतं किंवा अंगातच कुलूपबंद होतं.

हे समजायला शरीराचा लोखंडाचा संसार बघावा लागतो, आणि तो इतका काटकसरी आहे की कोकणातल्या जुन्या गृहिणीनेही तोंडात बोट घालावं. मोठ्या माणसाच्या अंगात लोह जेमतेम तीन-चार ग्रॅम. त्यातलं बरंचसं रक्ताच्या लाल पेशींत. दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी नव्या तयार होतात आणि तेवढ्याच जुन्या, एकशेवीस दिवसांचं आयुष्य संपवून, मोडीत निघतात. प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी म्हणजे शरीराचे भंगारवाले. त्या या जुन्या लाल पेशी गिळतात, लोखंड वेगळं काढतात आणि पुन्हा कारखान्याला पाठवतात. असं रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह फिरत असतं. बाहेरून, म्हणजे जेवणातून, रोज आत येतं ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम. आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराने ठेवलेलीच नाही. रक्त सांडलं, आतड्याच्या किंवा कातडीच्या पेशी झडल्या, तर जाईल तेवढंच. ज्या घराला मागचं दार नाही, त्याने पुढच्या दारावर कडक पहारेकरी ठेवायला हवा.

हा पहारेकरी २००० सालाच्या आगेमागे सापडला, आणि तोही भलतंच शोधताना. जर्मनीत हॅनोव्हरच्या आणि अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांना जंतू मारणारी छोटी प्रथिनं हवी होती. एकांनी रक्त गाळलं, दुसऱ्यांनी लघवी, आणि दोघांच्या हाती लागला २५ अमिनो आम्लांचा एक चिमुकला रेणू. यकृतात तयार होतो आणि जंतू मारतो, म्हणून नाव पडलं हेपसिडिन. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सोफी व्होलाँ यांच्या गटाने उंदरांमधला एक वेगळाच जनुक काढून टाकला होता. ते उंदीर लोखंडाने भरून गेले. तपास केल्यावर कळलं की शेजारचा हेपसिडिनचा जनुकही चुकून बंद पडला होता. पहारेकरी गेला आणि घरात लोखंडाचा पूर आला. विज्ञानातल्या असल्या धांदलींवर माझा फार जीव आहे.

२००४मध्ये त्याच्या कामाची रीतही उलगडली. आतड्याच्या पेशींवर आणि भंगारवाल्या पेशींवर लोह बाहेर सोडणारी एक झडप असते, तिचं नाव फेरोपोर्टिन. हेपसिडिन येऊन तिला चिकटलं की पेशी ती झडपच आत ओढून मोडून टाकते. फाटक बंद करण्याऐवजी फाटकच उखडायचं! मग भंगारवाल्यांकडचं लोह त्यांच्याकडेच अडकतं. आतड्याच्या पेशीत शिरलेलं लोह तिथेच ताटकळतं, आणि ती पेशी तीन ते पाच दिवसांत झडून जाते तेव्हा तिच्याबरोबर शौचावाटे निघून जातं. सकाळच्या डब्यातली मेथीची भाजी दारापर्यंत येऊन परत गेली म्हणायची.

इतका टोकाचा उपाय कशासाठी? जंतूंसाठी. बहुतेक जंतूंनाही वाढायला लोखंड लागतं. गडाला वेढा पडला की दरवाजे बंद करायचे आणि अंबरखान्याला कुलूप घालायचं, म्हणजे शत्रूच्या हाती दाणा लागणार नाही. ताप आला की शरीर हेच करतं. शरीरात जळजळ सुरू झाल्याचा निरोप यकृताला पोचवणाऱ्यांपैकी एक रेणू म्हणजे इंटरल्युकिन-६. तो आला की हेपसिडिन वाढतं. आठ-दहा दिवसांत वेढा उठतो आणि दरवाजे उघडतात.

लठ्ठ मुलाच्या अंगात हा वेढा उठतच नाही, कारण बाहेर शत्रूच नसतो. चरबी म्हणजे लोण्याचा निमूट गोळा, ही आपली जुनी समजूत. प्रत्यक्षात चरबीच्या पेशी फुगत गेल्या की त्यांतल्या काही मरतात, आणि त्यांच्याभोवती भक्षक पेशी गोल करून जमतात. चरबीत अशी गर्दी होते हे २००३मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांत दाखवलं. ही गर्दी आणि स्वतः चरबी मिळून इंटरल्युकिन-६ सोडत राहतात. यकृताला काय कळणार, की हा निरोप जंतूंमुळे आला आहे की पोटावरच्या टायरमुळे? ते आपलं इमानेइतबारे फाटकं उखडत बसतं.

याचे परिणाम स्वयंपाकघरापर्यंत येतात. २००८मध्ये मायकल झिमरमन आणि सहकाऱ्यांनी थायलंड, मोरोक्को आणि भारत इथली माहिती एकत्र मांडली. ज्या मुलांच्या अंगावर चरबी जास्त, त्यांना लोहयुक्त केलेल्या अन्नाचा फायदा कमी झाला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या जेवणाबरोबर पेरू देऊन पाहिला, तेव्हा लोह शोषलं जाण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास गेलं. ही पेरूतल्या क जीवनसत्त्वाची करामत. पण स्थूल बायकांवरच्या २०१५च्या एका अभ्यासात याच क जीवनसत्त्वाचा फायदा सडपातळ बायकांच्या मानाने निम्माच दिसला. लिंबू पिळायचंच, पण पहारेकरी चिडलेला असेल तर लिंबाचीही सद्दी अर्धीच चालते. इटलीतल्या लठ्ठ मुलांचं वजन सहा महिन्यांत बेताने उतरवलं, तेव्हा हेपसिडिन उतरलं आणि लोह पुन्हा आत येऊ लागलं. लोखंडाचं औषध लोखंडाबाहेर सापडलं, असं मला तेव्हा वाटून गेलं.

यात एक फसवी जागा आहे. अंगातला लोहाचा साठा किती हे पाहायला डॉक्टर फेरिटिन तपासतात. पण जळजळ असली की फेरिटिन आपोआप वाढतं. कोठार भरल्याचा दाखला मिळतो आणि कारखान्यात माल पोचत नसतो. म्हणून लठ्ठ मुलाचा रिपोर्ट वाचायला जाणता डॉक्टर लागतो, आणि म्हणूनच टॉनिकच्या जाहिराती बघून घरच्या घरी लोहाच्या बाटल्या सुरू करणं शहाणपणाचं नाही. जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे मागचं दार नाही, हे वर आलंच आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे दोन आकडे आहेत. २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्के झालं. त्याच काळात रक्तक्षयाचं प्रमाण ५३.८वरून ६८.९ टक्क्यांवर गेलं. बोटाला टोचून काढलेल्या थेंबाच्या तपासणीवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत, आणि ही दोन्ही टोकं एकाच मुलात असतात असंही नाही. तरी एकाच राज्यात, एकाच वेळी, दोन्ही रेषा वर जातात हे बघून आपल्या ‘खात्यापित्या’ या शब्दाकडे पुन्हा पाहावंसं वाटतं.

लोखंडाची गोष्ट कुलपाची, तर मॅग्नेशियमची गोष्ट चाळणीची. झाडाच्या पानाला हिरवं करणाऱ्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. आपल्या पेशींत ऊर्जेचं चलन म्हणून जो एटीपी फिरतो, तोही मॅग्नेशियमचा हात धरल्याशिवाय वटत नाही. तीनशेहून जास्त विकरं त्याच्या आधाराने चालतात. इन्सुलिन पेशीच्या दारावर थाप मारतं, तेव्हा आत वर्दी देणारी यंत्रणासुद्धा. २००५मध्ये अमेरिकेत २४ लठ्ठ आणि २४ सडपातळ मुलांची तुलना झाली. लठ्ठ मुलांच्या रक्तात आणि आहारातही मॅग्नेशियम कमी होतं, आणि ते जितकं कमी तितकं इन्सुलिन निष्प्रभ. अभ्यास छोटा आहे आणि आधी काय, मग काय, हे तो ठरवत नाही. पण मॅग्नेशियम कुठे गळतं ते मात्र गिरणीत डोळ्यांना दिसतं. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून मैदा केला की तीन-चतुर्थांशाहून जास्त मॅग्नेशियम कोंड्याबरोबर जातं. पाव, खारी, टोस्ट, नूडल्स, बिस्किटं: मुलाच्या दिवसातले हे सगळे थांबे मैद्याचे. त्याच कोंड्यावर गोठ्यातली म्हैस खूश असते. शेंगदाणे, तीळ, नाचणी, ज्वारी यांत मॅग्नेशियम भरपूर आहे. संक्रांतीचा तिळगूळ त्या दृष्टीने फार हुशार खाऊ, फक्त गुळाचा हात आखडता हवा.

आता इन्सुलिनचं नाव निघालंच आहे, तर त्याच्या पोटात काय आहे ते पाहू. १९३४मध्ये टोरांटोत डी. ए. स्कॉट यांनी दाखवलं की इन्सुलिनचे छान स्फटिक हवे असतील तर जस्त लागतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डोरोथी हॉजकिन या तरुण बाईंच्या हाती इन्सुलिनचे थोडे स्फटिक आले. क्ष-किरण टाकून त्याची रचना काढायची असं त्यांनी मनाशी घेतलं आणि ते १९६९मध्ये पुरं झालं. तब्बल पस्तीस वर्षं! शेवटच्या त्या गटात आपले भारतीय शास्त्रज्ञ एम. विजयनही होते. चित्र असं निघालं: इन्सुलिनचे सहा रेणू फेर धरून उभे, आणि फेराच्या मधोमध जस्ताचे दोन अणू. मंगळागौरीच्या फेरासारखं. आपल्या स्वादुपिंडातही इन्सुलिन असंच, जस्ताभोवती गोळा होऊन साठवलं जातं. जेवण झालं, साखर चढली, की फेर सुटतो आणि एकेक रेणू रक्तात धावतो.

म्हणजे ज्या मुलाच्या अंगात इन्सुलिन रात्रंदिवस राबतं आहे, त्याला जस्त हवं. आणि जस्त मिळवणं भाकरी-पोळीवर जगणाऱ्यांना तितकंसं सोपं नसतं. हे शोधून काढलं ते बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी, इराणच्या शिराझमध्ये. १९५८मध्ये त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला. दिसत होता दहा वर्षांच्या पोरासारखा. खात होता बिनखमिराची पोळी आणि माती. धान्याच्या टरफलात फायटिक आम्ल असतं. बीजाने पुढच्या रोपासाठी फॉस्फरस साठवलेली ती पेटी आहे. आतड्यात ती जस्ताला आणि लोहाला घट्ट धरून ठेवते. म्हणजे पंचाईत बघा. कोंडा काढला तर खनिजं जातात, ठेवला तर फायटिक आम्ल ती अडवतं.

यावर तोडगा काढणारा कोण होता, त्याचं नाव कुठल्याही ग्रंथात नाही. मटकी रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवणारी कुणीतरी बाई असणार. मोड फुटताना बीज स्वतःच्याच विकराने ती पेटी उघडतं, कारण आता रोपाला फॉस्फरस हवा असतो. पेटी उघडली की जस्त आणि लोहही मोकळं होतं. आंबवण्यानेही हेच साधतं. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं तर दोन कामं एकदम होतात. त्याच उसळीवर कपभर चहा रिचवला की त्यातली टॅनिनं लोहाला पुन्हा मिठी मारतात. पोरांना चहा-पोळी देणाऱ्या आपल्या घरांसाठी ही कटू बातमी आहे, पण ती द्यायला हवी. आणि पेरूचा तो प्रयोग? त्यात लोहाला फायदा झाला, जस्ताला काहीच नाही. प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा.

हॉजकिनबाईंनी इन्सुलिनच्या आधी आणखी एक रेणू उलगडला होता, १९५५-५६च्या सुमारास: ब१२ जीवनसत्त्व. लालबुंद स्फटिकांचा हा रेणू, आणि त्याच्या मधोमध बसलेला धातू म्हणजे कोबाल्ट. १९६४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात याचा मोठा वाटा. वनस्पतींना ब१२ लागतही नाही आणि त्या ते बनवतही नाहीत. ते जंतू बनवतात आणि आपल्याला दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. या कोबाल्टचा धागा थेट पुण्याजवळच्या सहा गावांपर्यंत येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी १९९३पासून त्या गावांतल्या बायकांचा, मग त्यांच्या बाळांचा माग ठेवत आहेत. ही बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी चिमटीत धरून मोजली, तर ती जवळपास तितकीच! वजनाचा काटा ज्याला ‘अशक्त’ म्हणतो ते बाळ चरबीच्या हिशेबाने तसं नव्हतं. दुसऱ्या एका तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात लंडनच्या बाळांपेक्षा इन्सुलिनही जास्त निघालं. याज्ञिकांनी हा मुद्दा स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवला. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते, दोघांचा बीएमआय बरोबर २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दोघांचा फोटो २००४च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि शोधनिबंधातही विनोदबुद्धी असते याचा तो पुरावा आहे.

त्या गावांतल्या गरोदर बायकांपैकी साधारण दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात ब१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं तर ज्यांच्या आईत फोलेट हे ब१२चं भावंड जीवनसत्त्व जास्त आणि ब१२ कमी, त्या मुलांत इन्सुलिनचा प्रभाव सगळ्यात मंद. हा निष्कर्ष २००८मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते एकोणीस वयाच्या दर दहांपैकी सुमारे एका मुलाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर सापडली. उंबरठ्यावरची ही सगळी मुलं गुटगुटीत मुळीच नव्हती.

त्या सहा गावांतली पोरं मोठी झाली. सतरा-अठराची असताना, २०१२पासून, त्यांच्यातल्या काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम ब१२ द्यायला सुरुवात झाली. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे किती, तर एक ग्रॅममध्ये अशा पाच लाख मात्रा बसतात, आणि त्या प्रत्येक मात्रेत कोबाल्ट असतो तो पंचविसाव्या हिश्शाच्या जरासा वर. पुढे ती पोरं आईबाप होऊ लागली, आणि त्यांच्या तान्ह्या बाळांच्या खांद्याच्या फऱ्याखाली पुन्हा तोच चिमटा लावून मोजणं सुरू झालं.